इंजिनाच्या टाकीतलं दूध

आमच्या घरात ‘अंदाजे’ हा शब्द काढायची सोय नव्हती. भाजीत मीठ टाकलं की सासरे विचारायचे, किती टाकलं? मी म्हणायची, टाकलं अंदाजे. मग ते मान हलवत म्हणायचे, "पोरी, अंदाज भाजीले चालस, बॉयलरले नही." भाजी खारट झाली तर गुपचूप खायचे. पण अंदाज मात्र त्यांना खपायचा नाही.

सासरे, म्हणजे माझे मामा. आमच्या नगरकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात, तीच सवय मी सुरतेला घेऊन आले. इथं घरात सगळी अहिराणी. पहिलं वर्षभर मला अर्धं कळायचं नाही आणि जे कळायचं त्याचा राग यायचा. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायची. वर्गात पोरांना शुद्धलेखन सांगायचं, मधल्या सुट्टीत त्यांची गुजराती ऐकायची आणि घरी येऊन ‘काय व्हयनं’ला उत्तर द्यायचं, असा माझा दिवस. नवरा प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, पाळ्या करायचा. तो घरी असला की झोपलेला असायचा, म्हणून या सगळ्या हकिगतीत तो फारसा नाही.

मामा रेल्वेत होते. जंगलाकडे जाणारी एक छोटी लाईन होती, तिच्यावर वाफेच्या इंजिनावर फायरमन. फायरमन कोळसा टाकतो, पाणी सांभाळतो, वाफ तयार करतो. ड्रायव्हर हँडल ओढतो. गाडी चालवली कुणी, तर ड्रायव्हरने. मामांची बढती जवळ आली तेव्हा वाफेची इंजिनंच बंद झाली, डिझेल आलं आणि मामा फायरमनचे फायरमन राहून रिटायर झाले. त्यांनी त्याची कुरकुर कधी केली नाही. फक्त कुणी नवीन माणसाने "आपण ड्रायव्हर होतात ना?" असं विचारलं, की ते लगेच "फायरमन" असं दुरुस्त करायचे, आणि मग पाणी प्यायला उठायचे.

रिटायर झाल्यावर ते सुरतेच्याच पांडेसरा भागात एका बॉयलर दुरुस्तीच्या वर्कशॉपला लागले. पांडेसरात कापड रंगवायचं तर वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलर बिघडतोच. काम कधी संपायचं नाही. तिथंच, प्लेगच्या साथीनंतरच्या वर्षी, ते इंजिन आलं.

छोट्या लाईनीचंच इंजिन. कुण्या शेठने कधीतरी भंगारातून घेऊन आपल्या कंपाउंडमध्ये शोभेला उभं केलेलं. ते दूरच्या एका थंड हवेच्या ठिकाणच्या कंपनीने विकत घेतलं. त्यांना डोंगरात प्रवाशांसाठी चार डबे लावून ते चालवायचं होतं. बॉयलरची माणसं सुरतेत, म्हणून दुरुस्ती सुरतेत. वर्कशॉपच्या मालकाने शेडपासून गेटपर्यंत रूळ टाकून घेतले आणि ते धूड त्यावर आणून ठेवलं. धुराड्यात पिंपळ उगवला होता. भट्टीत मांजरीने पिल्लं घातली होती. नंबराची पाटी केव्हाच कुणीतरी काढून नेलेली. ज्या इंजिनावर मामांनी जन्म काढला त्याच जातीचं हे, कदाचित तेच. मी विचारलं, "मामा, हेच का हो ते?" तर म्हणाले, "पाटी नही, तं कसं सांगू?" अंदाज नाही म्हणजे नाही.

मला त्या इंजिनाचं सुरुवातीला काही वाटत नव्हतं, हे सांगून टाकते. माझ्या दृष्टीने ते कपड्यांना लागणारी काजळी होतं. मामा संध्याकाळी घरी यायचे ते काळेठिक्कर. आत्या सोड्यात कपडे भिजवायच्या, मी आपटायची आणि मोरीतून काळा ओघळ सगळ्या चाळीच्या नाकासमोरून जायचा. शेजारणी म्हणायच्या, "काय बाई, रेल्वे पुन्हा चालू झाली का?"

हिवाळाभर काम चाललं. गंजलेल्या नळ्या काढून नव्या घातल्या. पत्रे बदलले. पाण्याच्या दाबाची तपासणी झाली, बॉयलर इन्स्पेक्टरने शिक्का मारला. मग एक दिवस जेवताना मामांनी भाकरी मोडली आणि खाल्लीच नाही. ताटाकडे बघत म्हणाले की, कंपनीने एक रिटायर इंजिनियर नेमलाय, तो येऊन चाचणी घेणार. इंजिन भरलेला डबा ओढत शेडपासून गेटपर्यंत चांगलं चाललं तर डोंगरात जाणार. नाही चाललं तर रंग देऊन हॉटेलच्या बागेत उभं करणार, पोरांनी चढून फोटो काढायला.

"आणि चाललं तर मी संगे जासू," ते म्हणाले. "दोन वरीस. तिथल्या पोरेस्ले शिकाडाले. ड्रायव्हर म्हनीसन."

शेवटचे दोन शब्द इतके हळू म्हणाले की आत्यांनी "काय?" म्हणून विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. मी सांगितलं. "आत्या, ड्रायव्हर म्हणून."

दुसऱ्या दिवशी आत्या मला म्हणाल्या, चल बाजारात, लोकर घ्यायचीय. सुरतेत लोकर! सूत म्हणा, रेशीम म्हणा, जर म्हणा, काय हवं ते मिळेल. लोकरीसाठी आम्ही अर्धं शहर पालथं घातलं. शेवटी एका दुकानात मिळाली ती पोपटी. आत्यांनी त्या पोपटी लोकरीची कानटोपी विणायला घेतली. "डोंगरवर कान गार पडतस," एवढंच त्यांचं म्हणणं. नवरा दोन वर्षं जाणार याचं वाईट वाटत होतं का? वाटतच असणार. पण एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जाऊ दे त्यास्ले. त्यास्ना जलमनं शे ते." जन्माचं राहून गेलेलं ते, असं त्यांना म्हणायचं होतं. मग उसवून पुन्हा विणायला लागल्या, कारण मला उत्तर देता देता टाके चुकले होते.

आत्यांविषयी एक गोष्ट इथं सांगायला हवी. नवी चूल मांडली की तिच्यावर पहिलं दूध तापवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं, ही रीत तशी सगळीकडे आहे. पण आत्यांनी ती फारच मनावर घेतलेली. मी लग्न होऊन आले आणि आम्ही नव्या खोलीत राहायला गेलो, तेव्हा दूध. वातीचा स्टोव्ह आणला, तेव्हा दूध. गॅस आला तेव्हा तर त्यांनी दोन्ही शेगड्यांवर वेगवेगळं दूध उतू घालवलं, एक शेगडी रुसायला नको म्हणून. दूध भसकन वर आलं की त्या हात जोडायच्या, डोळे मिटायच्या आणि पुटपुटायच्या. आणि ते करपलेलं दूध मग तारेच्या चोथ्याने घासायचं कोणी? मी! एकदा मी चिडून म्हटलं, "आत्या, जरा कमी उतू घाला की." त्यांनी असं पाहिलं माझ्याकडे, की मी चोथा उचलला.

चाचणी रविवारी होती. वर्कशॉपच्या आवारात छोटा मांडव घातला होता, त्यात खुर्च्या, फाफडा-जिलेबीच्या प्लेटी. मालक पांढऱ्या सफारीत. कंपनीचा एक साहेब आणि तो रिटायर इंजिनियर, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. शांत माणूस होता. कुणावर उगाच ओरडत नव्हता, सगळं बघत होता. आमच्या चाळीतल्या बायका आरतीचं ताट घेऊन भिंतीशी उभ्या होत्या, त्यांत आत्या आणि मी. आत्या माझ्या कितीतरी आधी येऊन बसल्या होत्या, सकाळी भट्टी पेटवली तेव्हापासूनच.

मामांनी जुना खाकी ड्रेस इस्त्री करून घातला होता. ते चढले आणि उजव्या बाजूला उभे राहिले. ड्रायव्हरच्या बाजूला. कोळशाच्या बाजूला वर्कशॉपचा दुसरा माणूस होता. शिट्टी वाजली. सगळ्या पांडेसराने ऐकली असेल. आणि मामांनी हँडल ओढलं.

मी रडूबाई नाही. पण ते काळं धूड हुश्श करून जागचं हललं, मागचा पोत्यांनी भरलेला डबा खडखडत निघाला आणि मामा खिडकीतून मान काढून पुढे बघायला लागले, तेव्हा मी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. माझे मामा ड्रायव्हर दिसत होते. छान दिसत होते. इंजिन गेटपर्यंत गेलं, अलगद थांबलं, उलटं परत आलं. मोठे साहेब टाळ्या वाजवत नव्हते, पण खुर्चीतून उठून रुळांजवळ गेले होते. कंपनीचा साहेब मालकाचा हात हातात घेऊन हलवत होता.

दुसऱ्या खेपेला बॉयलरमधलं पाणी कमी झालं. इंजिनाच्या अंगावरच पाण्याची मोठी टाकी असते. तिच्यातलं पाणी आत घ्यायची कळ मामांनी फिरवली. थोडं अंतर गेलं आणि धुराड्याने उचकी दिली. धूर निघायच्या जागी पाणी निघालं. आधी शिंतोडे, मग फेस. तपकिरी, गरम, चिकट फेस, भसाभसा, मांडवावर, खुर्च्यांवर, जिलेबीवर, मालकाच्या सफारीवर. लोक पळाले. "अरे भागो!" कुणीतरी ओरडलं. मामांनी झटक्यात वाफ तोडली, खालचे नळ उघडले आणि इंजिन अध्येमध्येच उभं राहिलं.

आणि नेमकं त्याच वेळी आत्यांनी माझं कोपर चिमटीत धरलं. त्यांचा चेहरा फुलला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "उतू गयं! पोरी, दूध उतू गयं!"

"कसलं दूध, आत्या?"

"टाकीमा टाकं ना मी. भरी कॅन." सकाळी लवकर येऊन त्यांनी वॉचमनला विचारलं होतं, याच्यात पाणी कुठून घालतात. वॉचमन आत्यांच्याच धुळ्याकडचा, त्याने शिडी लावून दिली. "नवी चूल शे ना ती. इतली मोठी चूल! कोनी उपाशी पोटे धाडस का?"

मी शाळेत विज्ञानही शिकवायची. दूध उकळलं की काय होतं ते मला आणि शेगडी घासणाऱ्या माझ्या हातांना चांगलं ठाऊक. बॉयलरच्या पाण्यात दूध गेलं की सगळं पाणीच फेसाळून वर चढणार, वाफेच्या वाटेने निघणार.

मामा खाली उतरले होते. उघड्या नळातून फुसफुसणाऱ्या वाफेपाशी ते वाकले आणि त्यांनी वास घेतला. पांडेसरात कसलाही वास येऊ शकतो, त्यामुळे बाकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण घरी प्रत्येक नव्या चुलीवर करपलेल्या दुधाचा वास मामांनी उभा जन्म घेतला होता. त्यांनी मान वर करून थेट आमच्याकडे बघितलं. आत्या हात जोडून, डोळे मिटून पुटपुटत होत्या.

मोठे साहेब आले. रागावले नव्हते. विचारलं, "पानी में क्या है?"

"दवाई, साहेब," मामा म्हणाले. बॉयलरच्या पाण्यात क्षार धरू नयेत म्हणून औषध घालतात, ते. "मैंने डाली. ज्यादा पड गई."

"कितनी डाली?"

मामांनी हाताची काजळी ड्रेसला पुसली. मग म्हणाले, "अंदाज से."

मी आत्यांचा हात सोडून पुढे निघाले होते, तिथंच थबकले.

मोठ्या साहेबांनाही खरं वाटलं नसावं. हा माणूस औषधसुद्धा वाटीने मोजून घालतो, हे मालकाने त्यांना आधीच सांगितलं होतं. "तुम? अंदाज से?" त्यांनी पुन्हा विचारलं. मामांनी मान खाली घातली. साहेब म्हणाले, "इंजिन में कोई खराबी नहीं. धो लो, फिर चलाएँगे. लेकिन आपको मैं पहाड पर नहीं भेज सकता, दादा. वहाँ नीचे खाई है और पीछे बच्चे बैठेंगे." त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मामा नळावर हात धूत होते तिथं मी त्यांना गाठलं. माझा आवाज चढला होता. "मामा, खरं का नाही सांगितलं? तुम्ही काही केलं नाही. हे सगळं आत्यांनी..."

"हळू," ते म्हणाले. साबण लावत राहिले. मग बोलले. "काय सांगू? मन्ही बायकोनी इंजिनमा दूध टाकं? हाई गोठ सुरतभर व्हई, पोरी. ती जलमभर खाली मान घालीसन फिरी. लोके हसतीन तिले."

"आणि तुम्ही? तुमचं ड्रायव्हर होणं?"

"चालाडं ना मी," ते म्हणाले. "गेटलगुन." गेटपर्यंत चालवलं की मी! आणि हात पुसून माझ्याकडे वळले. "तिले सांगशीन तं मन्ही आन शे तुले."

मला राग आला. खूप राग आला. मामांचा आला, आत्यांचा त्याहून आला, त्या वॉचमनला तर मी शिडीसकट उलटं टांगलं असतं. चाचणी देणारा माणूस गुन्हेगारासारखा नळावर हात धुतोय आणि गुन्हा करणारी बाई बायकांना साखर वाटतेय! पण शपथ घातली होती. मी घरी गेले आणि भांडी इतकी आपटली की पातेल्याला पोचा आला.

टाकी धुतली, बॉयलर सोड्याने धुतला. धुण्यात मामाच पुढे होते. मग पुन्हा चाचणी झाली, तिला बाहेरगावच्या डेपोतून एक ड्रायव्हर बोलावला होता, चांगला अनुभवी. त्याला कोळसा टाकायला माणूस हवा होता. मामा चढले आणि डाव्या बाजूला उभे राहिले. भट्टीचं दार उघडून फावड्याने कोळसा पसरू लागले. इंजिन गेटपर्यंत गेलं, आलं, पुन्हा गेलं. एक थेंब उडाला नाही. या वेळी मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पास!

इंजिन गेलं ते ट्रेलरवर. तारा आड येऊ नयेत म्हणून धुराडं काढून शेजारी आडवं बांधलेलं. सकाळचीच वेळ. चाळीतल्या बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या, कुणी कुंकू लावलं, कुणी नारळ फोडला. ट्रेलर पलसाण्याच्या हायवेकडे वळला तरी मामा बघत होते. मग आत्यांनी विचारलं. एवढे दिवस हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं, किंवा धीर होत नव्हता.

"तुम्ही कव्हय जाशात?"

मामा म्हणाले, "मी नही जावाव."

"कसाले?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "तुले सोडीसन कुठे जाऊ?"

आत्या लाजल्या. त्या वयात, भर रस्त्यात, बायकांसमोर. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "चला, काहीबी बोलतस." आणि घरापर्यंत सगळ्यांच्या पुढे चालत गेल्या.

त्यानंतर ही गोष्ट आत्यांनी किती जणांना सांगितली, देव जाणे. पाहुण्यांना, भाजीवालीला, माझ्या शाळेतल्या बाईंना. इंजिन पास झालं ते आपल्या दुधाने, आणि नवरा डोंगरावर गेला नाही तो आपल्यापायी, अशी दोन भागांची गोष्ट. पुरावा म्हणून ती पोपटी कानटोपी. सुरतेला कसली थंडी! पण जानेवारीत मामा ती घालून ओट्यावर बसायचे, घाम आला तरी काढायचे नाहीत.

एकदा अशाच ओट्यावर आत्या नव्या भाडेकरणीला सांगत होत्या, "ड्रायव्हरनी नोकरी सोडी त्यास्नी. मन्हासाठे सोडी." मला अगदी राहवेना. आत्या चहा आणायला आत गेल्या तसं मी मामांना हळूच म्हटलं, "मामा, आता तरी खरं सांगू का हो त्यांना?"

मामांनी कानटोपी नीट कानांवर ओढली.

"कसाले?" ते म्हणाले. "ती खोटं थोडंच बोली राहिनी."